अंगावरचं तोडल्यावर: पोट, झोप आणि धीर

“तोड गो आता अंगावरचं, मग बघ कसं रात्रभर झोपतं ते.” मूल वर्ष-दीड वर्षाचं झालं की रत्नागिरीतल्या आईला हा सल्ला घरातून, शेजारातून, मासळीबाजारातून मिळू लागतो. महिनोन्‌महिने सलग झोप न मिळालेल्या बाईला तो पटतोही. मग एक दिवस दूध बंद होतं आणि घडतं उलटंच. रात्री दोनदा उठणारं पोर पाचदा उठतं, दुपारची झोप अर्ध्यावर मोडते, दिवसभर आईचा पदर सुटत नाही. चौथ्या दिवशी तोच शेजार म्हणतो, “फार लवकर तोडलंस.”

दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. अंगावरचं दूध नुसतं पोट भरत नव्हतं. ते झोपही लावत होतं आणि मूल बिचकलं, पडलं, रडलं की त्याला धीरही देत होतं. दूध एका दिवसात बंद करता येतं, पण ही तीन कामं एका दिवसात दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक कामाची दुसरी सोय लावायची आणि मग दूध कमी करायचं. असं केलं तरी झोप थोडी बिघडते, पण लवकर सावरते.

तोडायचं कधी

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाच्या जोडीनं ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्यानंतरही चालू ठेवावं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. कोकणातल्या मुसलमान घरांत कुराणाच्या आधारानं दोन वर्षं पाजण्याची जी रीत आहे, तीही याच्याशी जुळते. तेव्हा ‘वर्ष झालं, आता दुधात काही राहिलं नाही’ यात तथ्य नाही. दुसऱ्या वर्षीही त्यातून ऊर्जा, अ जीवनसत्त्व आणि आजारांशी लढणारे घटक मिळतात. केवळ आईला झोप मिळावी म्हणून दूध तोडायचं असेल, तर आधी रात्रीचं कमी करून पाहावं. दिवसाचं चालू राहिलं तरी बिघडत नाही. नोकरीवर परतायचं म्हणूनही सगळं थांबवावं लागत नाही. प्रसूती लाभाच्या कायद्यानुसार मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन वेगळ्या सुट्ट्या मिळतात.

निर्णय शेवटी आईचा. तो झाला की वेळ नीट निवडा. ताप, जुलाब, सर्दी चालू असताना सुरुवात करू नका. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो. लस टोचल्यावर एक-दोन रात्री अंग गरम राहू शकतं, म्हणून तो आठवडाही सोडा. लावणीच्या दिवसांत आई शेतात असते आणि दिवसाचं पाजणं आपसूक सुटतं. तेवढं ठीक आहे, पण पावसाळा हा जुलाबांचा काळ, तेव्हा रात्रीचंही त्याच वेळी तोडायची घाई नको. गणपतीत मुंबईकरांनी भरलेलं घर, शिमग्यातल्या पालखीच्या रात्री, आंब्याच्या पेट्या भरायची धांदल, अशा दिवसांत मोठ्यांचंच वेळापत्रक कोलमडलेलं असतं. नवरात्र उलटल्यावरचे थंडीचे महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

दूध एकदम तोडू नका. दिवसातलं मुलाला सर्वांत कमी गरज असलेलं एक पाजणं निवडा, बहुधा दुपारचं, आणि ते बंद करा. पाच-सात दिवस जाऊ द्या, मग दुसरं. झोपतानाचं आणि पहाटेचं सर्वांत शेवटी. मधल्या काळात नियम सोपा ठेवावा: आपणहून द्यायचं नाही, पण फारच मागितलं तर हिडीसफिडीस करायची नाही.

स्तनाला मिरची किंवा कडू औषध लावण्याची जुनी युक्ती सोडून द्या. मिरचीनं मुलाचं तोंड आणि डोळे भाजतात, आईची त्वचाही. शिवाय ज्या जागी आजवर धीर मिळाला तिथेच अचानक दुखलं, तर मूल अधिकच बिथरतं. ‘आठ दिवस आजोळी ठेवा, विसरेल’ हेही तसंच. दूध आणि आई दोन्ही एकाच दिवशी नाहीशी झाली, तर मुलाच्या दृष्टीनं हरवते ती आई.

हळूहळू तोडल्याचा फायदा आईलाही होतो. दूध एकदम थांबवलं की छाती दाटते, दुखते, गाठी येतात. अशा वेळी घट्ट फडकं बांधू नये. थंड पाण्याची घडी ठेवावी आणि आराम पडेल इतकंच दूध हातानं काढून टाकावं. एखादी जागा लाल होऊन दुखू लागली आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दूध आटवण्याची गोळी मनानं घेऊ नका.

पहिलं काम: पोट

अंगावरचं सुटलं की घरात पहिला विचार येतो बाटलीचा. तो तिथेच थांबवावा. वर्षानंतर बाटलीची सवय नव्यानं लावली तर पुढे तीही सोडवावी लागते, आणि बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे पुढचे दात लवकर किडतात. वरचं दूध पेल्यानं किंवा वाटीनं द्या, तेही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. त्याहून जास्त प्यायलेलं मूल जेवत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्यानं त्याच्या रक्तातलं लोह घटतं. हा प्रश्न मोठा आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे 69 मुलं रक्तक्षयाची निघाली. लोह कमी असलेलं मूल किरकिरतं आणि त्याची झोपही अस्वस्थ असू शकते. अशा वेळी घरातले दूध तोडण्याला दोष देत बसतात.

दूध पूर्ण तुटलेल्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा खायला हवं: तीन जेवणं आणि मध्ये एक-दोन वेळा काहीतरी. एका जेवणाला 250 मिलीच्या वाटीची पाऊण ते पूर्ण वाटी हा अंदाज धरा. कोकणातल्या स्वयंपाकघरात यासाठी वेगळं काही आणायची गरज नाही. सकाळी नाचणीची आंबील किंवा तूप लावून मऊ घावन. दुपारी मऊभात, वरण, वर चमचाभर तूप, सोबत कुळथाची पिठी किंवा काटे काढलेला बांगडा, तारली. चारच्या सुमाराला केळं, उकडलेलं रताळं किंवा अंडं. रात्री पुन्हा भात-आमटी, नाहीतर उकड्या तांदळाची पेज, पण घट्ट. पातळ पेजेनं पोट फुगतं आणि दोन तासांत भूक लागते. रात्री दीड वाजता उठणाऱ्या पोराला नेमकं काय हवंय हे ठरवण्याआधी त्यानं संध्याकाळी काय खाल्लं ते आठवून पाहा. जेवणासोबत लिंबू पिळलं किंवा पेरू, आंबा असं फळ दिलं, तर डाळी आणि नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

याउलट चहात बुडवलेलं बटर किंवा बिस्किट ही कोकणातल्या घराघरांतली सवय मुलाला लावू नका. चहानं लोह कमी शोषलं जातं आणि त्यातल्या कॅफीननं झोप उडते. काजूगर, शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नका, कुटून द्या. फणसाची आठळी आणि जांभळाची बी मुलाच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकायला एवढंच पुरतं.

वर्षानंतर भूक थोडी मंदावते, हे नैसर्गिक आहे. पहिल्या वर्षी वजन तिपटीच्या घरात जातं, दुसऱ्या वर्षी ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. ताटातलं संपवण्यासाठी मोबाईल दाखवत भरवलं, तर पोट भरल्याची खूण मुलाला कळेनाशी होते.

दुसरं काम: झोप

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून 11 ते 14 तास झोप लागते. तिसऱ्या वर्षानंतर 10 ते 13. ही झोप सलग नसते. साधारण तासाभराचं एक आवर्तन संपलं की मूल थोडं जागं होतं, कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं. मोठ्यांचंही असंच होतं, आपल्याला सकाळी ते आठवत नाही एवढंच. पण जे मूल रोज स्तन तोंडात धरून झोपी गेलंय, ते मध्यरात्री अर्धवट जागं झालं की तेच शोधतं. झोप ज्या साथीनं लागली, तीच साथ त्याला परत हवी असते.

म्हणून दूध तोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच पिणं आणि झोपणं यांची फारकत करा. रात्रीचं पाजणं झोपेच्या ऐन वेळी न ठेवता अर्धा तास आधी, उजेडात, बसून द्या. मग हातपाय धुणं, कोरडे सुती कपडे, दात घासणं (तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे), दिवा मंद करणं, एक गोष्ट किंवा अंगाई, आणि थोपटणं. कोणत्या गोष्टी निवडता यापेक्षा त्या रोज त्याच क्रमानं होणं महत्त्वाचं. आठवड्याभरात क्रमच मुलाला सांगू लागतो की आता झोपायचं आहे.

त्यानंतर थोपटणारा हात बदला. आईच्या कुशीत दुधाचा वास येतो, मागणं साहजिक आहे. काही रात्री बाबांनी, आजीनं, आत्यानं झोपवावं. बाबा मुंबईला असतील तर सुट्टीवर येण्याचे दिवस यासाठी राखू नका, कारण ते परत गेले की मुलाला दुसरा बदल सोसावा लागेल. घरात रोज असणाराच माणूस हवा.

रात्री उठल्यावर सगळ्यांनी एकच करायचं. दिवा लावायचा नाही, मोबाईल दाखवायचा नाही, फार बोलायचं नाही. जवळ घ्यायचं, घोटभर पाणी द्यायचं, थोपटायचं, “सगळे झोपलेत, तूही झोप” एवढंच म्हणायचं. एका रात्री थोपटलं, दुसऱ्या रात्री रडणं ऐकवेना म्हणून पाजलं, तिसऱ्या रात्री रागावलं, तर मूल एवढंच शिकतं की पुरेसं रडलं की मिळतं. वेगळ्या खोलीत एकटं ठेवून रडू द्या, हा परदेशी पुस्तकांतला उपाय आपल्या माजघरात बसत नाही आणि त्याची गरजही नाही. शेजारी झोपलेलं मूलसुद्धा दूध न पिता झोपायला शिकतं. पहिल्या तीन ते सात रात्री जड जातात, बहुतेक मुलं एक-दोन आठवड्यांत रुळतात.

दिवसाचं गणितही पाहा. पंधरा ते अठरा महिन्यांच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. हा बदल आणि दूध तोडणं एकाच वेळी आलं तर संध्याकाळी सहाला पोर कोसळतं आणि साडेसातला ताजंतवानं उठतं. त्या दिवसांत दुपारचं जेवण अकरा-साडेअकराला उरकून बाराला झोपवा आणि तीन-साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका. रात्री साडेआठपर्यंत अंथरुणावर नेता आलं तर उत्तम. इथे अडसर असतो तो सात ते दहाच्या मालिकांचा. टीव्ही माजघरात आणि अंथरूणही तिथेच, असं असेल तर तासभर टीव्ही बंद ठेवा किंवा मुलाला आतल्या खोलीत झोपवा. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि त्यानंतरही दिवसाला तासाभराच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

झोपेसाठी औषध नको. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत जायफळाचं झाड असतं आणि ‘चिमूटभर उगाळून दे, शांत झोपेल’ असं सांगणारंही कोणी असतं. जास्त मात्रेत जायफळ विषारी असतं, आणि उगाळताना मात्रा किती झाली हे कळायला मार्ग नाही. सर्दीचं सिरप झोपेसाठी देणं तितकंच वाईट.

तिसरं काम: धीर

पडलं, घाबरलं, ओळख नसलेला माणूस आला की मूल आजवर अंगावर यायचं. आता त्याला दुसरी जागा दाखवायची. दिवसातून दोन-तीनदा, मूल मागण्याआधीच, मांडीवर घेऊन बसा. डोक्याला तेल लावा, पाठीवरून हात फिरवा, खळ्यातली कोंबडी दाखवा. दूध बंद झालं तरी मांडी बंद झालेली नाही, हे त्याला कळायला हवं. मऊ कापडाचा तुकडा, आजीच्या जुन्या साडीची गोधडी असं काही त्यानं जवळ धरलं तर ते हिसकावून घेऊ नका, ‘लाजरं कुठलं’ म्हणून हसू नका. पंधरा-वीस दिवस ते अधिक चिकटेल, जुनं वागणं पुन्हा करेल, पेला ढकलेल. अंगठा चोखायला लागलं तरी तेवढ्यावरून बोलू नका.

या काळात दुसरा मोठा बदल आणू नका. शी-शूची सवय, पाळणाघर, बिछाना बदलणं, हे सगळं एकत्र नको. शी-शूसाठी मूल तयार झाल्याची खूण म्हणजे ते दीड-दोन तास कोरडं राहतं, झाल्याचं सांगतं आणि चड्डी काढायला मदत करतं. हे बहुतेकांचं दीड ते अडीच वर्षांत होतं. पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा ही सवय ऑक्टोबरनंतर सुरू केली तर आईची चिडचिड निम्म्यानं कमी होते.

त्याच महिन्यांत आणखी काय घडतं

दूध तुटतं त्याच वेळी मूल चालायला, बोलायला, नाही म्हणायला शिकत असतं. झोप बिघडण्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं. नवं चालू लागलेलं मूल रात्री अर्धवट जागं झालं की उठून उभं राहतं. तेरा ते एकोणीस महिन्यांत पहिल्या दाढा, सोळा ते तेवीस महिन्यांत सुळे आणि त्यानंतर तेहतीस महिन्यांपर्यंत दुसऱ्या दाढा येतात. साधारण दीड वर्षाच्या आसपास आई दृष्टीआड झाली की ती परत येईल का, ही भीतीही जोरात असते. तेव्हा तोडून महिना झाला, सगळं सुरळीत होतं आणि आता पुन्हा उठू लागलं, तर जबडा पाहा, नवीन काय शिकलं ते पाहा. दूध परत सुरू करायची गरज नाही.

दीड वर्षानंतर काही मुलं झोप लागल्यावर एक-दोन तासांत किंचाळून उठतात. डोळे उघडे, घाम फुटलेला, पण आईला ओळखत नाहीत. हे स्वप्न नसतं, ती गाढ झोपेतली घाबर असते आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. पडणार नाही एवढं पाहावं, गदगदा हलवून जागं करू नये. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण त्याला उठवून बसवू नका. अति दमलेल्या मुलात हे जास्त दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर झोपवा.

टप्पे मोजताना शेजारच्या मुलाशी तुलना नको. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह सहा देशांतल्या मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये वाढीचे निकष जाहीर केले. त्यात निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने एवढा रुंद निघाला. दहाव्या महिन्यात चालणारं मूल आणि सोळाव्यात चालणारं मूल, दोघंही ठीक असू शकतात. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर केलेल्या कामातून ‘डासी’ ही मोजपट्टी उभी राहिली. तीत हालचालींचे 67 आणि बुद्धीचे 163 टप्पे आहेत. त्याच कामातले 17 टप्पे निवडून तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक छोटा तक्ता केला. यांतला प्रत्येक टप्पा ठरावीक दिवसाला नाही, तर काही महिन्यांच्या पट्ट्यात येतो.

घरात बघायच्या खुणा साध्या आहेत. अठराव्या महिन्याच्या सुमाराला मूल धरल्याशिवाय चालतं, पलंगावर चढतं-उतरतं, पेल्यानं सांडत का होईना पितं, आई-बाबांखेरीज तीनेक शब्द बोलायचा प्रयत्न करतं, ‘चप्पल आण’ हे हातवारे न करता कळतं आणि विमान दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे पाहतं. ही शेवटची खूण फार मोलाची. दोन वर्षांला पळतं, चेंडूला लाथ मारतं, चमच्यानं खातं, ‘बाबा ये’, ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडतं. अडीच वर्षांला पन्नासेक शब्द असतात आणि दोन्ही पायांनी उडी मारता येते. शब्द मोजताना आजीची संगमेश्वरी, घरातली कोकणी, शेजारची हिंदी, सगळे धरा. दोन भाषा ऐकल्यानं मूल मुकं होत नाही. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

दूध तोडल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. आठवडाभर गप्प, रुसलेलं राहील. पण येत असलेले शब्द गेले, नजर मिळवणं कमी झालं, बोट दाखवणं थांबलं, तर ते दूध तुटल्यामुळे नव्हे. वाट पाहू नका.

रात्री चालणारं मूल आणि आपलं घर

आजवर जागं झालेलं मूल आईच्या अंगाशीच असायचं. आता ते उठून चालू शकतं. मागच्या दाराला वरची कडी हवी. विहिरीला जाळी, हौदाला झाकण, पोटमाळ्याची शिडी काढून ठेवलेली. धरून उभं राहू लागल्यावर पाळणा आणि झोळी बंद करा. वाकलं तर डोक्यावर पडेल. जमिनीवर पक्की गादी सर्वांत बरी, पण मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. कोकणात हे फक्त डासांसाठी नसतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिच्या चाव्याची जागा फारशी दुखतही नाही. फुरसं आणि विंचू गडग्याच्या चिऱ्यांत, लाकडांच्या ढिगात असतात. पहाटे मुलाची पापणी जड झाली, ते अडखळत बोलू लागलं किंवा विनाकारण पोटात दुखू लागलं, तर ते सर्पदंशाचं लक्षण समजून मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 वर फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. सर्पविषावरचं औषध तिथे मोफत मिळतं.

पावसात लाईट गेली की पंख्याचा आवाज थांबतो आणि मूल जागं होतं. बॅटरीचा मंद दिवा हाताशी ठेवा, मच्छरदाणीजवळ मेणबत्ती किंवा बंद खोलीत कॉइल नको. रत्नागिरीत पारा फार चढत नाही, पण दमटपणानं घामोळं येतं आणि खाजेनं झोप मोडते. संध्याकाळी अंग पुसून एकच पातळ सुती झबलं पुरे.

दाखवायचं कधी, कुणाला

पुढच्यांपैकी एकही असेल तर ‘दूध तोडलंय म्हणून’ अशी समजूत घालून घेऊ नका:

- तीन-चार आठवड्यांनंतरही झोप मुळीच सावरत नाही
- बहुतेक रात्री मोठ्यानं घोरतं, तोंडानं श्वास घेतं, मध्येच श्वास अडखळतो
- दोन महिने वजन वाढलेलं नाही, चेहरा फिका आहे, माती किंवा खडू खातं
- अठरा महिने उलटले तरी चालत नाही, किंवा बोट दाखवत नाही
- सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही
- कुठल्याही वयात येत असलेली गोष्ट गेली
- आईला सतत रडू येतं, काही करावंसं वाटत नाही, मुलाचा राग येतो

शेवटचा मुद्दा आईसाठी आहे आणि तोही डॉक्टरांना सांगण्यासारखाच आहे. दूध थांबल्यावर शरीरातले संप्रेरक बदलतात, काही बायकांचं मन त्यानं खचतं. पाळी परत आलेली नसली तरी गर्भ राहू शकतो, म्हणून गर्भनिरोधक साधनाचाही विचार याच वेळी करा.

सुरुवात अंगणवाडीपासून करा. तिथे दरमहा वजन होतं, तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला घरपोच आहार मिळतो, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख आणि टप्प्यांची चित्रं असतात. अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, जंताची गोळी वर्षानंतर, आणि आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं सिरप, यांतलं काय राहिलंय ते सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. 2013 मध्ये या कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात पालघरहून झाली. जन्मजात दोष, पोषणाच्या उणिवा, आजार आणि विकासातला उशीर हे चारही पथकातले डॉक्टर तपासतात आणि पुढच्या उपचारांसाठी मोफत पाठवतात. पथक येण्याची तारीख आधी विचारून ठेवा. शंका मोठी असेल तर तिची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या.

जाताना कार्ड न्याच, पण एका कागदावर आठवडाभराची नोंदही न्या: किती वाजता झोपलं, किती वेळा उठलं, दिवसा किती झोपलं, काय खाल्लं, कुठले शब्द बोललं. डॉक्टरांना तुमच्या मुलाच्या रात्री दिसत नाहीत, त्या या कागदावर दिसतील. आणि नोंद करताना बऱ्याच आयांच्या लक्षात येतं की पाच वेळा उठणारं पोर आता दोनदाच उठतंय.